ड्युअल बूटमध्ये विंडोजचा ड्राइव्ह कधी रीड-ओन्ली तर कधी परमिशन डिनाइड: नक्की काय बघायचं

लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंट असं लिनक्स टाकलंय, विंडोजही ठेवलंय (यालाच ड्युअल बूट म्हणतात), आणि गाणी, फोटो, कामाच्या फायली असा सगळा माल विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहे. दोन-तीन आठवडे मस्त चालतं, मग एके दिवशी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर नवीन फोल्डर करायला जावं तर राइट क्लिकमधला ऑप्शनच करडा पडलेला. मग कोणीतरी हमखास सांगतं की "सीएचमॉड ७७७ मारून टाक" (फायलींच्या परवानग्या सगळ्यांना खुल्या करणारी कमांड), ते मारलं, एरर काही आला नाही आणि फरकही काही पडला नाही. रीस्टार्ट केल्यावर कधी आपोआप चालतं, कधी नाही चालत, आणि चाललं की माणूस विसरून जातो, पंधरा दिवसांनी परत तेच.

हे परत परत होतं कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि वरून सारखीच दिसतात. एकात अख्खा ड्राइव्हच रीड-ओन्ली लागलेला असतो, म्हणजे तुम्ही रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी यूजर) असलात तरी लिहिता येणार नाही. दुसऱ्यात ड्राइव्ह लिहिण्यासारखा आहे, पण लिनक्सच्या लेखी त्याचा मालक रूट आहे आणि तुम्ही पाहुणे. पहिल्याचं औषध विंडोजमध्ये आहे, दुसऱ्याचं माउंट करतानाच्या, म्हणजे ड्राइव्ह लिनक्समध्ये लावतानाच्या, ऑप्शनमध्ये. सीएचमॉड हे दोन्हीपैकी कशाचंच औषध नाही, का ते खाली येईल.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत मारायच्या. यूयूआयडी हा शब्द सोडला तर सगळं स्मॉल लेटर्समध्ये.)

आधी कुठलं दुखणं ते ठरवा

टर्मिनल उघडा आणि ड्राइव्ह जिथे लागलाय त्या जागेचं नाव देऊन हे मारा:

फाइंडएमएनटी /एमएनटी/डेटा

चार रकाने येतील. तिसऱ्यात फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत), चौथ्यात ऑप्शन. चौथ्याची सुरुवात 'आरओ' ने होत असेल तर पहिलं दुखणं, 'आरडब्ल्यू' ने होत असेल तर दुसरं, बाकी लांबलचक ओळ तूर्त वाचू नका. तिसऱ्या रकान्यात 'फ्यूजबीएलके' दिसलं तर दचकू नका, ते विंडोजचं नेहमीचं एनटीएफएसच आहे, फक्त एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने लावलेलं. हा ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर, फ्यूज नावाच्या सोयीतून चालतो म्हणून तसं नाव दिसतं. 'एनटीएफएस३' दिसलं तर तो कर्नलमधला नवीन ड्रायव्हर, पॅरागॉन कंपनीने दिलेला, २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ पासून आत आलेला. कुठला ड्रायव्हर आहे हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे, कारण दोघांचं वागणं वेगळं आहे आणि नेटवरचे अर्धे सल्ले कुठल्या ड्रायव्हरसाठी आहेत तेच लिहिलेलं नसतं.

अजून एक फसवणारी गोष्ट. एनटीएफएस-३जी असेल तर ऑप्शनमध्ये 'यूजर_आयडी=०' दिसतं आणि लोकांना वाटतं हाच तो प्रॉब्लेम, मालक रूट झालाय. नाही. ते माउंट कोणी केलं त्याचा आकडा आहे, फायलींच्या मालकाचा नाही. मालक बघायचा तर एलएस -एलडी /एमएनटी/डेटा मारा, त्यावर विश्वास ठेवा.

'आरओ' असेल तर: विंडोज बंद झालेलंच नाही

दहातल्या नऊ वेळा कारण एकच, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नलची अवस्था हायबरफाइल नावाच्या फायलीत साठवून मशीन झोपी जातं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. आता त्या साठवलेल्या अवस्थेत विंडोजच्या मते डी ड्राइव्ह अजून उघडाच आहे, त्याची यादी त्याच्या डोक्यात आहे. मधल्या काळात लिनक्सने जाऊन तिथे फायली लिहिल्या आणि मग विंडोज जुनी यादी डोक्यात घेऊन उठलं तर डेटाचा चुराडा होणार. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर म्हणतो वाच हवं तेवढं, लिहायला देणार नाही. हा लिनक्सचा बग म्हणून शिव्या घालणारे बरेच भेटतात, पण खरं तर तुमचाच डेटा वाचवला जातोय.

मेसेजवरून पण कळतं. सी ड्राइव्हवर "विंडोज इज हायबरनेटेड, रिफ्यूज्ड टू माउंट" असा येतो आणि डी वर "मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट" (नकार लिहिला असला तरी बहुतेक वेळा ड्राइव्ह रीड-ओन्ली लागतोच). दुसरा वाचून लोक गोंधळतात की विंडोज तर सी वर आहे, डी चा काय संबंध. संबंध वर सांगितला तोच.

गंमत म्हणजे विंडोजमधलं 'रीस्टार्ट' हे 'शट डाउन'पेक्षा जास्त पूर्ण बंद असतं. रीस्टार्ट करून थेट लिनक्समध्ये आलात तर ड्राइव्ह नीट लागतो, शट डाउन करून रात्री झोपलात आणि सकाळी लिनक्स चालू केलं तर रीड-ओन्ली. "कधी चालतं कधी नाही" याचं अर्ध्याहून जास्त कोडं इथेच सुटतं.

कायमचा उपाय विंडोजमध्ये जाऊन करायचा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरची निळी लिंक दाबून अडकलेल्या सेटिंग मोकळ्या करा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मला स्वतःला ही टिक आवडत नाही, कारण विंडोजचं एखादं मोठं अपडेट आलं की ती परत लागलेली सापडते आणि आपण आपलं लिनक्समध्ये डोकं आपटत बसतो. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि हे मारा:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

यात हायबरनेटच मुळापासून बंद होतं, हायबरफाइल उडते, काही जीबी जागा सुटते ती वेगळीच. लॅपटॉपवर हायबरनेट वापरायची सवय असेल तर मात्र हे करू नका, टिकचाच मार्ग धरा. आणि एकदाच कुठे तातडीने हवं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं.

'रिमूव्ह_हायबरफाइल' नावाचा एक माउंट ऑप्शन तुम्हाला कुठेतरी सापडेलच. चालतो तो. पण तो विंडोजची झोपलेली अवस्था पुसून टाकतो, आणि तिथे खरंच हायबरनेट केलेलं असेल, वर्डमध्ये सेव्ह न केलेलं पत्र असेल, तर ते गेलं. विंडोज चालूच होत नाहीये आणि फायली काढायच्यात तर ठीक आहे, रोजच्या वापराला एफएसटॅबमध्ये (बूटला कुठला ड्राइव्ह कसा लावायचा त्या यादीच्या फायलीत) लिहून ठेवायची ही गोष्ट नाही. आणि नुसत्या फायली काढायच्या असतील तर रीड-ओन्लीमध्येही निघतात की!

बाहेरची हार्ड डिस्क आणि तो 'बॅड सुपरब्लॉक'वाला मेसेज

दुसरा प्रकार एक्स्टर्नल डिस्कचा. डीटीपीवाल्याकडून, फोटोग्राफरकडून किंवा कॉलेजच्या लॅबमधून डिस्क आली, तिथे कोणीतरी इजेक्ट न करता उपटली, आणि इथे लावली तर "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक" असा भीतीदायक मेसेज. वाचून वाटतं डिस्क मेली. बहुतेक वेळा मेलेली नसते. सुडो (म्हणजे रूटच्या अधिकाराने) डीमेसेज ही कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड मारून शेवटच्या ओळी बघा (इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी नुसता जी आहे), तिथे एनटीएफएस३ ची "व्हॉल्यूम इज डर्टी" अशी ओळ असेल आणि फोर्स फ्लॅग दिलेला नाही असं पुढे लिहिलं असेल. म्हणजे नीट बंद न झाल्याची खूण डिस्कवर लागलीय आणि नवीन ड्रायव्हर ती खूण असताना हातच लावत नाही. हल्लीच्या बऱ्याच डिस्ट्रोत (लिनक्सच्या प्रकारांत) फाइल मॅनेजरमधून क्लिक केलं की हाच ड्रायव्हर वापरला जातो, म्हणून "आधी चालायचं, अपग्रेड केल्यावर बंद झालं" ही तक्रार.

फोर्स देऊ नका. जवळ विंडोज असेल तर तिथे डिस्क लावून चेकडिस्क /एफ चालवा, हाच खरा उपाय, कारण एनटीएफएसची पूर्ण दुरुस्ती फक्त विंडोजच करतं. विंडोज नाहीच तर डिस्क अनमाउंट असताना:

सुडो एनटीएफएसफिक्स -डी /डेव्ह/एसडीबी१

हे डर्टीची खूण पुसतं आणि दोन-चार साध्या गोष्टी जाग्यावर आणतं. नावात फिक्स आहे म्हणून हे चेकडिस्क समजू नका. आणि डिव्हाइसचं नाव आधी एलएसबीएलके -एफ ने खात्री करून घ्या, एसडीए आणि एसडीबी मध्ये गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

'आरडब्ल्यू' आहे तरी परमिशन डिनाइड

एनटीएफएसवर परवानग्या असतात, पण त्या विंडोजच्या यूजरच्या. तुमच्या लिनक्सच्या यूजरला ती डिस्क ओळखत नाही. फॅट३२ आणि एक्सफॅट वर तर मालक ही भानगडच नाही. मग लिनक्सला एलएस मारल्यावर दाखवायला मालक कुठून मिळणार? तो सहसा माउंट करताना ठरवतो आणि सगळ्या फायलींना एकच लावतो. म्हणून नंतर सीएचमॉड मारणं हे पाण्यावर रेघ ओढण्यासारखं आहे. एनटीएफएस-३जी तर साध्या माउंटमध्ये सीएचमॉड आणि सीएचओन (मालक बदलणारी कमांड) गपचूप गिळतो, एररसुद्धा देत नाही, म्हणून लोकांना वाटतं लागू झालं. फॅटवर सीएचओन मारलं तर निदान "ऑपरेशन नॉट परमिटेड" असं तोंडावर तरी सांगतो.

आता ड्रायव्हरचा फरक बघा. एनटीएफएस-३जी ला काहीच ऑप्शन दिले नाहीत तर मालक रूट पण परवानगी सगळ्यांना सगळी, म्हणजे ७७७. एनटीएफएस३, फॅट आणि एक्सफॅट ला काही दिलं नाही तर माउंट करणाऱ्याचा यूमास्क (कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा) लागतो, म्हणजे सुडोने माउंट केलं तर साधारणपणे रूटला लिहिता येतं, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. एकच कमांड एका मशीनवर चालते आणि दुसऱ्यावर परमिशन डिनाइड देते ती बहुतेक यामुळे.

तर एफएसटॅबमध्ये काय लिहायचं. आधी एलएसबीएलके -एफ मधून यूयूआयडी (ड्राइव्हचा ओळख क्रमांक) उचला, आयडी -यू ने स्वतःचा आकडा बघा (पहिला यूजर असेल तर उबंटू-डेबियनवर १००० असतो), सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डेटा करून जागा तयार करा, आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये एकाच ओळीत:

यूयूआयडी=तुमचाआकडा /एमएनटी/डेटा एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

मास्क हा उलटा हिशोब आहे, काय द्यायचं ते नाही, काय काढायचं ते. फोल्डरला ७७७ मधून ०२२ गेले की ७५५, फायलींना ७७७ मधून १३३ गेले की ६४४. नुसता यूमास्क दिला तर फायली आणि फोल्डर दोघांना एकच लागतो, आणि फोल्डरमध्ये शिरायला एक्झिक्यूटची परवानगी लागते म्हणून ती ठेवावी तर प्रत्येक फोटो, प्रत्येक पीडीएफ एक्झिक्यूटेबल होऊन टर्मिनलमध्ये हिरवागार. म्हणून डीमास्क आणि एफमास्क वेगळे द्या. घरात दोघं-तिघं वेगवेगळ्या लॉगिनने वापरत असतील तर सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालून जीआयडी त्या ग्रुपचा, डीमास्क ००२, एफमास्क ११३.

७७७ ने काय बिघडतं असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) ची प्रायव्हेट की अशा ड्राइव्हवर ठेवली तर एसएसएच "परमिशन्स ०७७७ आर टू ओपन" म्हणून ती घेतच नाही. आणि लिनक्समध्ये क्लोन केलेली गिट रेपो (कोडचं फोल्डर) इथे कॉपी करून उघडली की एकही अक्षर न बदलता सगळ्या फायली मॉडिफाइड दिसतात, गिट डिफ केलं तर १००६४४ चे १००७५५ झालेत एवढंच. एफमास्क १३३ ने बहुतेक गप्प होतं, उरलंसुरलं गिट कॉन्फिग मध्ये कोअर.फाइलमोड फॉल्स करून.

बाकीचे ऑप्शन. 'विंडोज_नेम्स' दिलं की लिनक्समधून कोलन, प्रश्नचिन्ह वगैरे असलेलं फाइल नाव बनवताच येत नाही. हे हवंच, नाहीतर लिनक्समध्ये "मीटिंग १०:३०" नावाचं फोल्डर बनतं आणि विंडोजमध्ये ते ना उघडत ना डिलीट होत. 'नोफेल' तर विसरूच नका. ड्राइव्ह काढलेला असेल किंवा केबल सैल असेल आणि नोफेल नसेल तर सिस्टिमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या स्क्रीनवर सोडून देतं, एका डेटा ड्राइव्हसाठी अख्खं मशीन अडलेलं. शेवटचं शून्य म्हणजे बूटला तपासणी करू नको, एनटीएफएसला ते शून्यच ठेवायचं.

'यूजर' किंवा 'यूजर्स' ऑप्शन कुठून कॉपी केला असेल तर त्याच्यासोबत नोएक्झेक (प्रोग्रॅम चालवायला मनाई) गुपचूप येतं. मग त्या ड्राइव्हवरची स्क्रिप्ट किंवा अॅपइमेज परवानगी दिसत असूनही चालत नाही. तो ऑप्शन ठेवायचाच असेल तर त्याच्या पुढे एक्झेक लिहा, पुढे म्हणजे नंतर, आधी लिहिलं तर उपयोग नाही.

सेव्ह केल्यावर लगेच रीबूट मारू नका. सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ने ओळ तपासा, सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड, मग ड्राइव्ह आधीच लागला असेल तर यूमाउंट करून सुडो माउंट -ए. यूमाउंट गरजेचं आहे, एनटीएफएस-३जी मध्ये रीमाउंट चालत नाही, आणि नुसतं माउंट -ए केलं तर आधी लागलेल्या ड्राइव्हला ते हातच लावत नाही, जुनेच ऑप्शन राहतात आणि तुम्ही म्हणता बदललं तरी काही होत नाही. "टार्गेट इज बिझी" आलं तर एखादं टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं असेल, फ्यूजर -व्हीएम ने कोण बसलंय ते दिसतं.

मीडिया सर्व्हरला फोल्डर दिसत नाही

जेलीफिन किंवा प्लेक्स टाकलं, तुम्हाला सिनेमे दिसतात, त्याला दिसत नाहीत. इथे मास्क बदलून काही होणार नाही. फाइल मॅनेजरमधून क्लिक करून लावलेला ड्राइव्ह /मीडिया/तुमचंनाव किंवा /रन/मीडिया/तुमचंनाव च्या आत लागतो, आणि ते वरचं फोल्डरच फक्त तुमच्यासाठी उघडं असतं. सर्व्हर त्याच्या वेगळ्या यूजरने चालतो, तो दारातच अडतो. वरच्यासारखी एफएसटॅबची ओळ करून /एमएनटी किंवा /एसआरव्ही खाली लावा. फक्त त्या सर्व्हरलाच वाचू द्यायचं असेल तर जीआयडी त्याच्या ग्रुपचा आणि डीमास्क ०२७, एफमास्क १३७.

मराठी नावांच्या फायली

हे इंग्रजी गाइडमध्ये सहसा मिळत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल आणि तुम्ही हाताने माउंट केला असेल तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसू शकतात. डिस्कवर नावं शाबूत असतात, फक्त दाखवताना घोळ होतो. 'यूटीएफ८' हा ऑप्शन घालून परत माउंट करा. नावं प्रश्नचिन्हात असताना कॉपी किंवा रीनेम मात्र करू नका, ती प्रश्नचिन्हं मग खरोखरची होऊन बसतील.

दुसरं जास्त छळणारं. एनटीएफएसवरून लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर बॅकअप घेताना मधेच "फाइल नेम टू लाँग" येतं आणि ती फाइल सुटते. एनटीएफएसची मर्यादा २५५ अक्षरं, ईएक्सटी४ ची २५५ बाइट. इंग्रजीत दोन्ही सारखंच, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'लग्नपत्रिका' बोलायला पाच अक्षरं, पण ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. ८५ चिन्हांत कोटा संपला. 'लग्नपत्रिका फायनल शेवटची दुरुस्ती मामांनी सांगितलेली' अशी नावं ठेवणाऱ्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनी) आरसिंक (बॅकअपची कमांड) संपल्यावर शेवटचे एरर वाचत जा. उपाय म्हणजे नाव छोटं करणं किंवा अख्खं फोल्डर टार करून (एकाच फायलीत बांधून) ठेवणं.

उरलेलं थोडक्यात

"अननोन फाइल सिस्टिम टाइप बिटलॉकर" आलं तर ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने लॉक आहे, नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ हे बऱ्याचदा न विचारता करून ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केलं तर पासवर्ड मागेल, नाहीतर क्रिप्टसेटअप ओपन --टाइप बिटलॉक... इथे टाइपचं स्पेलिंग बी-आय-टी-एल-के एवढंच आहे, क्रिप्टसेटअप २.३ किंवा पुढचं लागतं. विंडोजचा ड्राइव्ह असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की जवळ ठेवा.

दोन्हीकडे फिरणारी नवीन डिस्क घेत असाल तर एक्सफॅट करा, २०२० च्या लिनक्स ५.७ पासून त्याचा चांगला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, मॅकवरही लिहिता येतं, आणि फॅट३२ सारखी ४ जीबीच्या फाइलची अडचण नाही. फक्त त्याला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, त्यामुळे इजेक्ट न करता उपटायची सवय असलेल्या घरात मी एनटीएफएसच ठेवेन.

आणि हे सगळं करूनही ड्राइव्ह मधेच आपोआप रीड-ओन्ली होत असेल, कॉपी अडकत असेल आणि डीमेसेजमध्ये "आय/ओ एरर" च्या ओळींवर ओळी येत असतील, तर आधी केबल आणि यूएसबीचं पोर्ट बदलून बघा. तरी तेच, तर डिस्क जायला लागलीय. मग एनटीएफएसफिक्स नको, चेकडिस्क तर अजिबातच नको, मुद्दाम 'आरओ' ऑप्शन देऊन माउंट करा आणि सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर सगळ्यात आधी बाहेर काढा.